उत्तर रशियातला लाल टाका

आर्खांगेल्स्क, वोलोग्दा, त्वेर या भागांतल्या शेतकरी बायकांचं जुनं भरतकाम म्हणजे घरी विणलेलं जवसाच्या सुताचं पांढरं कापड आणि त्यावर लाल दोरा. नक्षी आधी रेखाटून घेत नसत. कापडाचे उभे-आडवे धागे मोजत टाका पुढे जाई. धावदोरा घालत टोकापर्यंत जायचं आणि परत येताना सुटलेल्या जागा भरायच्या. उलट-सुलट दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. इरकल साडीवरच्या कसुतीतली गवंती ज्यांनी घातली आहे, त्यांना ही रीत लगेच ओळखू येईल.

सगळ्यांत देखणं काम असे ते 'पोलोतेन्त्से'च्या, म्हणजे लांब, अरुंद पंच्याच्या दोन टोकांवर. असा भरलेला पंचा अंग पुसायला नसे. घराच्या कोपऱ्यात देवाच्या तसबिरींवर तो टांगत. लग्नात नवरी सासरच्या माणसांना असे पंचे भेट देई. अनेक ठिकाणी शवपेटीही पंच्यांवर तोलूनच खड्ड्यात उतरवत. गावात साथ आली, की बायका एकत्र जमून सूतकताईपासून विणकामापर्यंत सगळं एका दिवसात उरकून पंचा तयार करत. पहिल्या गवतकापणीला घालायच्या सदऱ्याचा घेरही खास भरलेला असे.

नक्षीत मधोमध हात वर केलेली बाई उभी असते, दोन्ही बाजूंना पक्षी किंवा घोडेस्वार. १९२६ साली पुरातत्त्वज्ञ वासिली गोरोद्त्सोव यांनी तिला प्राचीन महादेवी मानलं. बोरिस रिबाकोव यांनी १९८१च्या ग्रंथात तिचा संबंध मोकोश या स्लाव्ह देवीशी जोडला. मोकोशचं नाव जुन्या इतिवृत्तात ९८० सालच्या मूर्तींमध्ये येतं खरं, पण तिचं रूप तिथे वर्णिलेलं नाही; आणि आज हाती असलेली बहुतेक कापडं १८व्या-१९व्या शतकांतली आहेत. मधल्या आठशे-नऊशे वर्षांसाठी हा पुरावा मला फार तोकडा वाटतो. कडांना आकडे फुटलेला तिरका चौकोन अभ्यासकांच्या लेखी सुपीकतेचं चिन्ह आहे. अनेक गावांत मात्र त्याला कपड्यांना चिकटणाऱ्या एका काटेरी रानफळाचं नाव होतं. दोन डोक्यांचा गरुड तर सरळ राजमुद्रेवरचा.

१९व्या शतकाच्या अखेरीस मॉस्कोच्या ब्रोकार कंपनीने साबणासोबत फुलीच्या टाक्याचे छापील नमुने वाटले आणि खेडोपाडी गुलाब भरले जाऊ लागले. हे गुलाबांचे पंचेही त्याच कोपऱ्यात, त्याच तसबिरींवर टांगले गेले. म्हणून माझ्या मते या कलेतला सगळ्यांत भक्कम अर्थ पंच्याच्या वापरात आहे. आकृत्यांचे अर्थ त्यानंतर येतात. सेंट पीटर्सबर्गच्या रशियन एथ्नोग्राफिक म्युझियममध्ये कधी गेलात, तर त्या बाईचं नाव शोधण्याआधी तो पंचा कुठे टांगला होता आणि कोणाला दिला होता, हे आवर्जून विचारा.