खाणींनी मागितलेली वीज
कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा वायव्य भाग तांब्या-सोन्याने श्रीमंत, पण त्याच्या बऱ्याचशा भागात ग्रिडची वीजच नव्हती. खनिजाचे दगड दळणाऱ्या अजस्र गिरण्या डिझेलवर चालवणं परवडत नाही. म्हणून खाण कंपन्या आणि स्थानिक व्यापारी मंडळांनी वीजवाहिनीसाठी आग्रह धरला. टेरेसजवळच्या स्कीना उपकेंद्रातून निघून बॉब क्विन लेकला पोहोचणारी ३४४ किलोमीटरची, २८७ किलोव्होल्टची वाहिनी २०१४ मध्ये सुरू झाली. सुमारे ४० कोटी डॉलरचा अंदाजित खर्च ७० कोटींपुढे गेला. रेड ख्रिस खाण याच विजेवर चालते. मला मात्र इस्कुटला मिळालेल्या विजेचं मोल अधिक वाटतं. ताल्तान आदिवासींच्या या छोट्या गावातली घरं आधी डिझेल जनरेटरवर अवलंबून होती. वाहिनी पुढे वाढवली, तेव्हा ती घरंही ग्रिडला जोडली गेली.