कसब्यातून मंडईकडे, पायी

पुण्यातली सर्वात जुनी वस्ती म्हणजे कसबा पेठ. मानाच्या पहिल्या गणपतीचं, कसबा गणपतीचं दर्शन घ्यावं आणि जवळच्याच तांबट आळीत शिरावं. हातोड्यांचा ठोका लांबूनच कानावर येतो. बंब, घंगाळी, कळशा इथे अजूनही हातानं घडतात. भांड्यावर ओळीनं पडलेल्या त्या बारीक खुणा म्हणजे मठारकाम. ते निव्वळ शोभेसाठी नसतं. ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो, भांडं टिकतं. खुणा बोटांनी चाचपून पाहा, हातकाम कळतं. आंबट पदार्थ मात्र कल्हई असलेल्या भांड्यातच ठेवावेत.

पुढे शनिवारवाडा ओलांडून तुळशीबाग. राममंदिराभोवती पूजेची उपकरणी, भातुकली, बांगड्या यांची दाटी. पलीकडे 1886 ची अष्टकोनी महात्मा फुले मंडई. तिचं जुनं नाव रे मार्केट. दमलात तर मस्तानी घ्या: दाट थंड दूध, वर आइस्क्रीमचा गोळा. उन्हाळ्यात आंब्याचीच मागा.

गाडी लांब लावा. या गल्ल्या चालण्यासाठीच आहेत. आणि तांबट आळीतून एखादं तरी भांडं घ्या, घासाघीस न करता.