जुन्या संकरित मोटारीची घटमाला

पेट्रोल व वीज या दोन्ही शक्तींवर चालणाऱ्या मोटारीस संकरित मोटार म्हणतात. जपानच्या टोयोटा कंपनीने १९९७ साली विक्रीस आणलेली ‘प्रियस’ ही अशा गाड्यांत विशेष प्रसिद्ध होय. २००३ ते २००९ या काळातील तिची दुसरी आवृत्ती अमेरिकेत पुष्कळ खपली. आता या गाड्या तेथे जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात. परंतु घेणाऱ्यास एक धास्ती असते. घटमाला, म्हणजे मोठी बॅटरी, निकामी झाली तर काय?

प्रथम तिची रचना पाहू. मागील आसनाच्या पाठीशी २८ लहान पेट्या ओळीने बसविलेल्या असतात. प्रत्येक पेटीत निकेल-धातुहायड्राइड जातीचे ६ घट, म्हणजे एकूण १६८ घट झाले. प्रत्येक घटाचा दाब १.२ व्होल्ट, १६८ ने गुणल्यास २०१.६ व्होल्ट येतात. गाडी उतारावर असता किंवा ब्रेक दाबला असता वाया जाणारी गती विजेच्या रूपाने येथे साठते आणि गाडी पुढे निघताना एंजिनास साहाय्य करते.

हे घट दीर्घकाळ टिकतात, याचे कारण मितव्यय. गाडीतील संगणक घटमाला कधी काठोकाठ भरू देत नाही, की पुरती रिकामी होऊ देत नाही. तथापि वय आणि उष्णता यांपुढे उपाय चालत नाही. घट थंड राखण्यासाठी एक पंखा असतो. त्याची वाट धुळीने अथवा केसांनी बुजली की घट तापतात आणि त्यांचे आयुष्य घटते. ती वाट स्वच्छ ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपचार होय.

सर्व घट एकामागून एक जोडलेले असल्यामुळे एक दुबळा झाला तरी सारी माला अडते. हातोहात घागरी देणाऱ्या रांगेत एकाने हात आखडला की सर्वांचा खोळंबा होतो, तसेच हे. मग बिघडलेली पेटीच तेवढी का बदलू नये? तसे करणारे कारागीर आहेत. पण उरलेल्या २७ पेट्याही तितक्याच वयाच्या असतात. आज एक बदलली, तर काही महिन्यांनी दुसरी कुरकुरू लागते.

आता हिशेब करू. समजा, नवी घटमाला मजुरीसह ३,००० डॉलरांना पडली व १० वर्षे टिकली, तर वर्षाला ३०० डॉलर खर्च आला. डागडुजी केलेली १,००० डॉलरांत मिळाली, पण २ वर्षेच टिकली, तर वर्षाला ५०० डॉलर पडले. स्वस्त दिसले तेच महाग ठरले! मात्र गाडीच दोन वर्षांत मोडीत निघणार असेल, तर गणित उलटते. म्हणून आधी गाडीचे उरलेले आयुष्य जोखावे.

अमेरिकेत या घटमालेची मूळ हमी ८ वर्षे अथवा १,००,००० मैल, आणि कॅलिफोर्नियात १० वर्षे अथवा १,५०,००० मैल होती. ती मुदत केव्हाच सरली आहे. तेव्हा जुनी गाडी घेताना घटमालेची तपासणी करून घ्यावी आणि तिचा खर्च किमतीत धरूनच सौदा ठरवावा. मात्र आत स्वतः हात घालू नये. २०० व्होल्टांचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. हिशेब घरी करावा, दुरुस्ती जाणकाराकडून करवून घ्यावी, यातच शहाणपण आहे.