भाषा, संस्कृती, शिक्षण आणि साहित्य : बहिणाबाईंच्या कवितेच्या आधारे एक विचार

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला –

• भाषा, संस्कृती, शिक्षण आणि साहित्य यांचे परस्परसंबंध एका उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करता येतील.
• बोली आणि प्रमाणभाषा यांतील भेदाचे स्वरूप सांगता येईल.
• मौखिक रचना लिखित होताना उद्‌भवणारे प्रश्न समजून घेता येतील.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, भाषाविज्ञान, लोकसंस्कृती, शिक्षणाचा इतिहास आणि साहित्य हे विषय आपण वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांतून अभ्यासतो. ही विभागणी अध्यापनाच्या सोयीसाठी केलेली आहे. माणसाच्या प्रत्यक्ष जगण्यात मात्र या चारही गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. त्यांपैकी एक बाजूला सारली, तर उरलेल्या तिन्हींचे आकलन अपुरे राहते. हे विधान पडताळून पाहण्यासाठी आपण बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कवितेचे उदाहरण घेणार आहोत.

२. विषय-विवेचन

२.१ शिक्षण : अक्षरओळख आणि ज्ञान

बहिणाबाईंचा जन्म खानदेशातील आसोदे या गावी झाला. विवाहानंतरचे त्यांचे आयुष्य जळगावात गेले. शेतात आणि घरात कष्ट करणाऱ्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. हा केवळ त्यांच्या वैयक्तिक आयुष्यातील योगायोग नव्हता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा १८४८ साली सुरू केली होती. १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीरावांनी, बहुजनांच्या मुलांना वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. त्या वेळी बहिणाबाई दोन वर्षांच्या होत्या. मागणी आणि तिची पूर्तता यांमधील अंतरात ज्या असंख्य मुलींचे बालपण सरले, त्यांपैकी त्या एक होत.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. साक्षरता म्हणजे लिपीचे ज्ञान. भाषेचे ज्ञान त्याहून व्यापक आणि त्याआधीचे असते. लिपी न शिकलेली व्यक्तीही आपल्या भाषेची ध्वनिव्यवस्था, व्याकरण, शब्दसंपत्ती आणि लय पूर्णपणे आत्मसात करते. बहिणाबाईंना पिढीजात ओव्या, म्हणी, कहाण्या आणि कीर्तने यांचे शिक्षण मिळाले होते. त्या शिक्षणाचे प्रमाणपत्र मात्र कोणी देत नव्हते.

२.२ भाषा : बोलीची नियमबद्धता

बहिणाबाईंची कविता खानदेशातील लेवा गणबोलीत आहे. या बोलीत प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो : ‘डोळा’चे ‘डोया’, ‘काळा’चे ‘काया’, ‘मिळते’चे ‘मियते’. तसेच ‘ण’च्या जागी ‘न’ येतो : ‘पाणी’चे ‘पानी’, ‘माणूस’चे ‘मानूस’. ही रूपे म्हणजे उच्चारातील चुका होत, असा समज आढळतो. परंतु चूक अनियमित असते. येथे तर बदल ठरावीक पद्धतीने घडतो. जेथे नियम आहे तेथे व्यवस्था आहे, आणि व्यवस्था आहे म्हणूनच ती भाषा आहे.

मग एक रूप ‘शुद्ध’ आणि दुसरे ‘अशुद्ध’ कसे ठरले? मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आणि दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. कोश, व्याकरण, छापील क्रमिक पुस्तके आणि शाळा यांच्याद्वारे मराठीचे एक रूप प्रमाण म्हणून स्थिरावले. दूरदूरच्या लोकांना परस्परांशी लेखी व्यवहार करण्यासाठी असे रूप आवश्यकच असते. तथापि ते प्रमाण ठरण्याची कारणे सामाजिक व ऐतिहासिक आहेत. इतर रूपे भाषिक दृष्ट्या उणी होती, असा त्याचा अर्थ होत नाही.

२.३ संस्कृती : शब्दामागील जग

बहिणाबाईंनी जात्याला ‘घरोट’ म्हटले आहे. हा शब्द नागर वाचकाला ग्रामीण वाटेल. पण तो ‘घरट्ट’ या जुन्या संस्कृत-प्राकृत शब्दाच्या कुळातला आहे. बोलींमध्ये भाषेचा इतिहास असा जपलेला असतो.

‘आखाजी’ हा दुसरा शब्द पाहा. त्याचा ‘अक्षय्य तृतीया’ हा अर्थ बरोबर आहे, पण पुरेसा नाही. खानदेशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. वर्षभराच्या कष्टांतून मिळालेली ती मोकळीक असते. हा संदर्भ ठाऊक नसेल, तर त्या सणावरील कविता पंचांगातील एका तिथीपुरतीच उरेल. मोट, नाडा, थारोळे, धाव या शब्दांचेही तसेच आहे. विहिरीवर पंप आला आणि या शब्दांमागील वस्तू दिसेनाशा झाल्या. त्यामुळे आजच्या वाचकाला कविता समजण्यासाठी शेतीची जुनी व्यवस्थाही समजून घ्यावी लागते.

२.४ साहित्य : कंठातून कागदावर

बहिणाबाई काम करता करता रचना करीत. त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव चौधरी, आणि एक आप्त यांनी त्यांतील काही उतरवून घेतल्या. पुष्कळ रचना उतरवल्याच न गेल्यामुळे लोपल्या. आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने आणि प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह १९५२ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा कवयित्री हयात नव्हती.

म्हणजेच आपण जो पाठ वाचतो, तो दुसऱ्या कोणी तरी ऐकून लिहिलेला आहे. स्वर, हेल, जात्याची घरघर यांपैकी काहीही कागदावर आलेले नाही. ऐकलेला ध्वनी कोणत्या अक्षराने दाखवायचा, ओळ कोठे तोडायची, हे निर्णय लिहून घेणाऱ्याचे असतात. म्हणून मौखिक परंपरेतील रचनेचा अभ्यास करताना ती कोणी, केव्हा आणि कोणासाठी लिहून घेतली, हे प्रश्न विचारावे लागतात.

बोलीचे रूप बदलले तर काव्यही बदलते. समजा, एखाद्या रचनेत ‘काया’ (काळा) आणि ‘माया’ यांचे यमक साधले आहे. ‘काया’चे ‘काळा’ करताच ते यमक नाहीसे होईल. येथे ‘शुद्धीकरण’ हे मोडतोडीचेच दुसरे नाव ठरते.

२.५ पुन्हा शिक्षणाकडे

शाळेत न गेलेल्या बहिणाबाई आज शाळेच्या पाठ्यपुस्तकात आहेत. जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली त्यांचे नाव देण्यात आले. हा गौरव यथोचितच आहे. परंतु त्यातून एक प्रश्न उभा राहतो. पाठ्यपुस्तकातील कवितेत ‘मियते’ हे रूप आले, की आपण त्याच्या गोडव्याचे रसग्रहण करतो. तेच रूप विद्यार्थ्याच्या बोलण्यात आले, की त्याला हसतो. मग आपण नेमका कशाचा आदर करतो, बोलीचा की केवळ प्रसिद्धी पावलेल्या नावाचा?

तुमच्यापैकी अनेकांनी बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर शिक्षण पुन्हा सुरू केले असेल. घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा यांतील अंतर तुम्हांला जाणवले असेल. लेखी उत्तरासाठी प्रमाण मराठीवर प्रभुत्व मिळवणे आवश्यक आहे आणि अभ्यासाने ते साध्य होते. मात्र त्यासाठी घरची भाषा टाकून देण्याचे कारण नाही. बोली येणे ही मराठीच्या अभ्यासकाची जमेची बाजू आहे.

३. सारांश

बहिणाबाईंच्या कवितेत बोलीचे व्याकरण, कृषिसंस्कृती, स्त्रियांच्या शिक्षणाचा इतिहास आणि ओवीची काव्यपरंपरा एकत्र आल्या आहेत. केवळ साहित्याची दृष्टी ठेवली, तर ‘निरक्षर असूनही प्रतिभावंत’ असे आश्चर्य तेवढे हाती लागते. चारही दृष्टी एकत्र आणल्या, की ती प्रतिभा कोठे घडली आणि तिच्यासारख्या इतर अनेक स्त्रियांच्या रचना आपल्यापर्यंत का पोहोचल्या नाहीत, हे कळू लागते. मानव्यविद्यांच्या अभ्यासाचे प्रयोजन हेच आहे.

४. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘बोली म्हणजे अशुद्ध भाषा’ या मताचे सोदाहरण परीक्षण करा.
२. मौखिक रचना लिखित स्वरूपात येताना तिच्यात कोणते बदल संभवतात?
३. उपक्रम : तुमच्या घरातील किंवा परिसरातील वयस्कर स्त्रीकडून एखादी ओवी ऐका आणि ती जशी उच्चारली तशीच लिहून घ्या. सांगणाऱ्या व्यक्तीची संमती घ्या. गाव आणि प्रसंग नोंदवा. त्यातील तीन शब्दांचे अर्थ व त्यांमागील सांस्कृतिक संदर्भ स्पष्ट करा.