वेदनेवर विजेचा उतारा

वेदनाशमनासाठी विकल्या जाणाऱ्या विद्युत उपकरणांची जाहिरात आज बऱ्याचदा 'बायोफीडबॅक' या एकाच नावाखाली होत असली, तरी त्या नावाखाली दोन मुळातच वेगळ्या पद्धती एकत्र आल्या असून, त्यांतील फरक ध्यानात घेतल्याशिवाय कोणत्याही यंत्राच्या दाव्याची परीक्षा करता येत नाही. पहिल्या पद्धतीत यंत्र त्वचेवाटे शरीरात सौम्य विद्युतप्रवाह सोडते आणि रुग्णाने केवळ पडून राहायचे असते. दुसरीत यंत्र शरीरात काहीच सोडत नाही; स्नायूंचा ताण, बोटांचे तापमान, घामामुळे बदलणारी त्वचेची विद्युतवाहकता अशा एरवी न जाणवणाऱ्या गोष्टी मोजून ते त्या आवाजाच्या किंवा आलेखाच्या रूपाने रुग्णाला तत्क्षणी कळवते, आणि त्या आधारे रुग्ण स्वतःच त्या बदलायला शिकतो. बायोफीडबॅक ही संज्ञा काटेकोरपणे दुसऱ्या पद्धतीलाच लागू पडते.

विजेने वेदना शमवण्याची कल्पना जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस या रोमन वैद्याने डोकेदुखी व संधिवातावर विजेचा झटका देणारा जिवंत टॉर्पेडो मासा दुखऱ्या जागी लावण्याचा उपाय नोंदवून ठेवला होता. त्यामागचे कारण मात्र 1965 साली रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी मांडलेल्या 'द्वार सिद्धांता'नंतरच स्पष्ट होऊ लागले. स्पर्श व दाब यांचे संदेश जाड मज्जातंतूंतून आणि वेदनेचे संदेश बारीक तंतूंतून मज्जारज्जूकडे जातात. जाड तंतू उद्दीपित झाले की मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशाची वाट अडवली जाते, असे हा सिद्धांत सांगतो. ठेच लागल्यावर माणूस ती जागा आपोआप चोळतो आणि त्याला बरे वाटते, त्याचा उलगडा यातून होतो. पुढे 1967 मध्ये वॉल व विल्यम स्वीट यांनी दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या आठ रुग्णांवर जाड तंतूंना विजेने उद्दीपित करण्याचा प्रयोग केला, तेव्हा त्यांतील चौघांना दोन मिनिटांच्या उद्दीपनाने अर्ध्या तासाहून अधिक काळ आराम मिळाला.

महाराष्ट्रातील फिजिओथेरपी केंद्रांत रुग्ण ज्याला 'करंट लावणे' म्हणतात, त्यातील 'टेन्स' हे यंत्र याच प्रयोगांच्या परंपरेतले आहे. गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना चिकट पॅड लावून सेकंदाला साधारण 50 ते 100 स्पंदे सोडली, की मुंग्या आल्यासारखे वाटते आणि वेदना मागे सरते; स्पंदे दहाच्या खाली ठेवून जोर वाढवला, तर स्नायू ठेक्यात उडतात आणि शरीरातील एंडॉर्फिन ही अफूसदृश वेदनाशामक द्रव्ये कामाला लागतात. हा आराम खरा असला तरी तो मुख्यतः यंत्र चालू असेपर्यंत आणि त्यानंतर थोडा वेळच टिकतो, आणि झिजलेला सांधा त्यामुळे भरून येत नाही, ही गोष्ट रुग्णाला सुरुवातीलाच सांगितली जाणे अगत्याचे आहे.

खऱ्या बायोफीडबॅकचे स्वरूप ताणजन्य डोकेदुखीच्या उपचारात स्पष्ट दिसते. कपाळावर लावलेले संवेदक तेथील स्नायूंची विद्युत हालचाल टिपतात. ताण वाढला की यंत्राचा स्वर चढतो, सैलावला की उतरतो. जबडा घट्ट मिटलेला आहे, भुवया आक्रसलेल्या आहेत, हे रुग्णाला बहुधा त्या स्वरामुळेच प्रथम उमगते, आणि काही आठवड्यांच्या सरावानंतर यंत्र नसतानाही ते स्नायू सैल सोडण्याची हातोटी त्याला साधते. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या मेनिंजर फाउंडेशनमध्ये बोटांचे तापमान वाढवण्याचे असेच शिक्षण सुरू असताना हात गरम होताच एका स्त्रीची अर्धशिशी थांबल्याचे आढळले आणि त्यातून अर्धशिशीवरील उपचाराची दिशा मिळाली. त्याच संस्थेत 1970 साली योगी स्वामी राम यांनी आपल्या तळहाताच्या दोन भागांचे तापमान इच्छेनुसार वेगवेगळे करून दाखवले. योगक्रियांची उपकरणांनी तपासणी करण्याचा हेतू तर लोणावळ्याच्या कैवल्यधामने 1924 पासूनच पुढे ठेवला होता, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे. डोकेदुखीच्या या दोन प्रकारांत बायोफीडबॅकचा पाया भक्कम आहे; सर्व वेदनांना मात्र ते लागू नाही. ज्या दीर्घकालीन वेदनेचे स्वतंत्र कारण सापडत नाही तिच्यासाठी टेन्स किंवा बायोफीडबॅक देऊ नये, अशी शिफारस ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2021 मध्ये केली.

सोव्हिएत संघात जन्मलेले 'स्केनार' आणि त्याच्या धर्तीची यंत्रे या दोन्ही पद्धती जोडल्याचा दावा करतात: यंत्र त्वचेचा विद्युतरोध वाचते आणि त्यानुसार पुढचे स्पंद बदलते. त्वचेचा रोध मात्र घाम, ओलावा आणि यंत्र दाबून धरण्याचा जोर यांनीही बदलतो, आणि या साखळीत रुग्ण काहीही शिकत नाही. तेव्हा अशा यंत्राने आतल्या अवयवाचा रोग ओळखता येतो, हे म्हणणे मान्य करण्याजोगे नाही.

ऊतक बरे होण्यात विजेचा वाटा असतो, हे मात्र खरे आहे. हाडावर दाब पडला की त्यात विद्युतभार निर्माण होतो, असे 1957 मध्ये जपानमध्ये फुकादा व यासुदा यांनी दाखवले. न जुळणाऱ्या अस्थिभंगासाठी चुंबकीय स्पंद देणाऱ्या उपकरणाला अमेरिकेत 1979 साली मान्यता मिळाली. ही मान्यता एका निश्चित दुखण्यापुरती, ठरावीक मात्रेची आणि शल्यचिकित्सकाच्या देखरेखीखालची होती.

पेसमेकर बसवलेल्यांनी डॉक्टरांच्या संमतीशिवाय टेन्स वापरू नये. मानेच्या पुढच्या भागावर, जखमी त्वचेवर किंवा गर्भवतीच्या पोटावर पॅड लावू नयेत. पाठदुखीसोबत पाय बधिर होत असतील किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर कोणतेही यंत्र न लावता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण दबलेले मज्जातंतू मोकळे करण्यासाठी तेथे हाती असलेला वेळ तासांत मोजला जातो.