नव्या मोटारसायकलचे तेल : डबा वाचायला शिका



आपल्या भागात दसरा आणि पाडवा हे नवी गाडी घरी आणण्याचे दिवस. गाडीला हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, पेढे वाटतात. गाडी बहुधा कर्जावर घेतलेली असते आणि हप्ते दोन-तीन वर्षे चालतात. ती गाडीच वडिलांना कामावर नेते, दूध डेअरीत पोहोचवते आणि आजीला दवाखान्यात घेऊन जाते. हप्ते संपण्याआधीच इंजिन कुरकुरायला लागले तर घराचा सगळा हिशेब कोलमडतो. म्हणून गाडीच्या तेलाविषयी चार गोष्टी सर्वांनाच माहीत असाव्यात. १८ वर्षे पूर्ण होऊन परवाना हाती येईपर्यंत मोटारसायकल चालवायची नाही, हा कायदा आहे. पण तिची निगा शिकायला वयाची अट नाही.

तेल नेमके काय करते?

वंगण ही आपल्याला नवी गोष्ट नाही. बैलगाडीच्या आसाला एरंडेल लावण्याची चाल जुनी आहे. आस कोरडा राहिला की चाक करकरते, लाकूड झिजते आणि बैलांना ओढ जास्त लागते. गंमत अशी की, मोटारीच्या तेलातील एक जगप्रसिद्ध नावही एरंडेलावरूनच आले आहे. इंग्लंडमधील वेकफील्ड यांच्या कंपनीने १९०९ साली एरंडेल मिसळलेले इंजिन तेल काढले. एरंडेलाला इंग्रजीत कॅस्टर ऑइल म्हणतात, त्यावरून त्या तेलाचे नाव पडले कॅस्ट्रॉल.

इंजिनात पिस्टन मिनिटाला हजारो वेळा खाली-वर होतो. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये तेलाचा अगदी पातळ थर असतो, म्हणून धातूवर धातू घासत नाही. हेच तेल आतली उष्णता बाहेर काढते, काजळी व धातूचा कीस धुऊन आणते आणि गंज धरू देत नाही. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकली हवेवर थंड होणाऱ्या असतात, त्यांत पाण्याचा रेडिएटर नसतो. त्यामुळे तेलावरचा भार आणखी वाढतो.

मोटारसायकलच्या तेलाला याखेरीज आणखी दोन कामे असतात. चारचाकीत गिअरबॉक्सचे तेल वेगळे असते आणि नेहमीच्या गिअरच्या गाडीत क्लच कोरडा असतो. बहुतेक मोटारसायकलींत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच ही तिन्ही एकाच तेलात बुडालेली असतात. म्हणून चारचाकीचे तेल कितीही महागाचे असले तरी ते मोटारसायकलला चालेलच असे नाही. क्लचच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट धरून राहाव्या लागतात. इंधन वाचावे म्हणून चारचाकीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. त्या तेलाने क्लच निसटू लागतो. निपाणीहून संकेश्वरकडे जाताना तवंदी घाट चढताना किंवा जांबोटीहून चोर्ल्याकडे जाताना मागे माणूस बसलेला असला, की याचा प्रत्यय येतो. इंजिन ओरडते, पण गाडी ओढत नाही. आणि मागून ट्रक येत असतो.

डब्यावरच्या तीन खुणा

तेलाच्या डब्यावर चित्रे आणि मोठी मोठी विशेषणे पुष्कळ असतात. ती सोडून तीन खुणा शोधाव्यात.

पहिली खूण एसएई. हा तेलाच्या दाटपणाचा आकडा. १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० अशा जोड्या असतात. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत लवकर वाहते. १०डब्ल्यूच्या तेलाची थंडीत इंजिन सुरू होण्याची चाचणी उणे २५ अंशांवर घेतात, २०डब्ल्यूची उणे १५ अंशांवर. मागचा आकडा तापलेल्या तेलाचा, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहते याचा. ५० चे तेल ३० पेक्षा दाट.

इथे पुष्कळांची समजूत होते की आपल्याकडे उन्हाळा कडक, म्हणून दाट तेल चांगले. बेळगावात पारा शून्याखाली कधी जात नाही हे खरे, पण तेल गावाचा उन्हाळा पाहून ठरत नाही. इंजिनातील फटी किती बारीक आहेत, तेलाचा पंप किती जोराचा आहे, यावरून कारखान्यातील अभियंते ते ठरवतात. १०डब्ल्यू-३० साठी बनवलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० घातले तर सकाळी किक मारल्यावर तेल वरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि इंजिनाची झीज मुख्यतः त्या पहिल्या काही क्षणांतच होते. शिवाय दाट तेल ढवळण्यात पेट्रोल वाया जाते. उलट, दाट तेल मागणाऱ्या इंजिनात पातळ घातले तर तापल्यावर तेलाचा थर तुटतो. दोन्ही वाईटच.

दुसरी खूण एपीआय. ही तेलाच्या गुणवत्तेची पायरी. पेट्रोल इंजिनाच्या तेलाला एस या अक्षराने सुरुवात होते आणि पुढचे अक्षर जितके पुढचे, तितकी पायरी नवी. एसएल २००१ ची, एसएम २००४ ची, एसएन २०१० ची आणि एसपी २०२० ची. पुस्तिकेत एसएल लिहिले असेल तर एसएन चालते, पण एसएन लिहिले असेल तर एसएल घेऊ नये. पुस्तिकेत ही खूण अशी असावी किंवा याहून वरची असावी, असेच लिहिलेले असते.

तिसरी खूण जासो, आणि मोटारसायकलवाल्यांसाठी हीच सर्वांत महत्त्वाची. जपानी मोटारगाड्यांच्या मानक संस्थेने १९९८ मध्ये खास दुचाकीच्या चार-स्ट्रोक इंजिनांसाठी हे मानक आणले. एमए म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचला योग्य तेल. २००६ मध्ये त्याचे एमए१ आणि एमए२ असे दोन पोटभाग झाले. एमए२ मध्ये क्लचची पकड अधिक. एमबी म्हणजे कमी घर्षणाचे तेल. गिअर नसलेल्या ज्या स्कूटरांचा क्लच तेलात बुडालेला नसतो, त्यांना ते चालते. घरात एक मोटारसायकल आणि एक स्कूटर असेल तर स्कूटरचे उरलेले एमबी तेल मोटारसायकलमध्ये ओतू नये. दोन्ही डब्यांवर १०डब्ल्यू-३० असले तरी ती दोन वेगळी तेले आहेत.

मिनरल की सिंथेटिक?

हा प्रश्न दुकानात हमखास निघतो. मिनरल तेल खनिज तेल शुद्ध करून बनते. सिंथेटिक तेलाचे रेणू रासायनिक प्रक्रियेने एकसारखे केलेले असतात, म्हणून ते जास्त उष्णता सोसते आणि सावकाश खराब होते. सेमी-सिंथेटिक म्हणजे दोन्हींचे मिश्रण. रोज गावातून शाळा-बाजारापर्यंत धावणाऱ्या १०० किंवा १२५ सीसीच्या गाडीला कंपनीने सांगितलेले साधे तेल वेळेवर बदलले तर पुरते. महागाचे तेल घातले म्हणून मुदत मनाने दुप्पट करणे, हा मात्र तोट्याचा व्यवहार. ज्या गाडीला कंपनीनेच सिंथेटिक सांगितले असेल, तिथे काटकसर करू नये.

पहिले ७५० किलोमीटर

नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर एकमेकांत बसायचे असतात. तसे होताना धातूचा बारीक कीस निघतो आणि तेलात मिसळतो. म्हणून पहिली सर्व्हिस लवकर असते, बहुतेक गाड्यांना ५०० ते ७५० किलोमीटरच्या दरम्यान किंवा पुस्तिकेत दिलेल्या दिवसांत, यांपैकी जे आधी येईल ते. तेल स्वच्छ दिसते म्हणून ही सर्व्हिस पुढे ढकलू नये. कीस डोळ्यांना दिसत नाही. या काळात गाडी फार पळवू नये, एकाच वेगाने लांब नेऊ नये आणि तीन माणसे तर कधीच बसवू नयेत.

वॉरंटीच्या काळात प्रत्येक सर्व्हिसची नोंद पुस्तिकेत करून घ्यावी आणि तेलाची पावती जपावी. उद्या इंजिनात दोष निघाला तर तेच आपले पुरावे.

घरी तेल कसे पाहावे?

गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करावी. दोन-तीन मिनिटे इंजिन चालवून बंद करावे आणि तेवढाच वेळ थांबावे. मग तेलाची कांडी काढून पुसावी, पुन्हा आत घालून पाहावी. कांडी आटे फिरवून बसवायची की नुसती टेकवायची, हे पुस्तिकेत दिलेले असते. तेल खालच्या व वरच्या खुणेच्या मध्ये हवे. काही गाड्यांना कांडीऐवजी काचेची खिडकी असते. खालच्या खुणेखाली तेल गेले तर इंजिन धोक्यात आहे. पण वरच्या खुणेच्या वर भरणेही चुकीचे. जास्त तेल ढवळून फेसाळते आणि सीलमधून गळू लागते.

तेल काळे झाले म्हणजे खराब झाले असे नव्हे. काजळी धरून ठेवणे हे तेलाचे कामच आहे. मात्र ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. खानापूर-जांबोटीच्या पावसात, पाण्याने भरलेल्या रस्त्यावरून गाडी गेली की असे होऊ शकते. दुधाळ तेल ताबडतोब बदलावे.

तेलाइतकेच महत्त्व एअर फिल्टरला. उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ आणि गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांमागचा धुरळा तिथेच अडतो. फिल्टर फाटका असेल तर ती धूळ तेलात मिसळते आणि तेलाची कानस होते. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, झटकून किंवा बदलून घ्यायचा असतो.

चेन, ग्रीस आणि ब्रेक

इंजिनाबाहेरही वंगण लागते. साध्या चेनला पुस्तिकेत बहुधा ९० नंबरचे गिअर ऑइल सांगितलेले असते. चेन रॉकेलने पुसून, कोरडी करून मग आतल्या बाजूने तेल सोडावे आणि जादा तेल पुसून काढावे. साधारण ५०० किलोमीटरला एकदा आणि पावसाळ्यात त्याहून लवकर हे करावे. चेनवर ग्रीस थापू नये, त्याला धूळ चिकटून चेन लवकर झिजते. ज्या चेनला रबरी रिंगा असतात तिला पेट्रोल किंवा तारेचा ब्रश लावू नये. आणि हे सारे इंजिन बंद ठेवूनच करावे. फिरत्या चेनमध्ये फडके धरल्याने बोटे गेल्याची उदाहरणे आहेत.

तेलाचा एक थेंबही ब्रेकच्या डिस्कवर किंवा मागच्या टायरवर पडू देऊ नये. डिस्क ब्रेकच्या डबीतील द्रव हे तेल नव्हे. त्याच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेले असते. तिथे इंजिनचे तेल घातले तर रबराची सीले फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. हे काम मिस्त्रीकडेच द्यावे.

खरेदी आणि जुने तेल

तेल पेट्रोल पंपावरून, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून किंवा खात्रीच्या दुकानातून घ्यावे. सील, उत्पादनाची तारीख, बॅच नंबर आणि छापील किंमत पाहावी. सील आपल्यासमोर फोडायला सांगावे. रिकामा डबा भोक पाडूनच टाकावा, म्हणजे त्यात कोणी भेसळीचे तेल भरून विकणार नाही.

काढलेले काळे तेल गटारात, विहिरीजवळ किंवा शेताच्या बांधावर ओतू नये. त्यात जड धातू आणि काजळी असते, आणि कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या डब्यात साठवून गॅरेजवर द्यावे. तिथून ते शुद्धीकरणासाठी नेणाऱ्यांकडे जाऊ शकते.

घरचा अभ्यास

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे त्यांचा लोखंडी नांगर आणि मोठा कारखाना झाला. यंत्र उघडून पाहायचे, समजून घ्यायचे, ही या मातीची जुनी सवय आहे. आज उद्यमबागेत आपल्यातलेच किती तरी लोक यंत्रांचे भाग घडवतात. तरीही घरच्या गाडीची पुस्तिका बहुधा प्लॅस्टिकच्या पिशवीत कपाटातच पडून राहते, कारण ती इंग्रजीत असते आणि अक्षरे बारीक असतात.

म्हणून विद्यार्थ्यांना एक काम. येत्या रविवारी ती पुस्तिका काढा. तेलाचे पान शोधून एसएई, एपीआय, जासो, तेल किती लिटर आणि किती किलोमीटरला बदलायचे, या पाच गोष्टी मराठीत एका कार्डावर लिहा आणि ते कार्ड गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा. पुढच्या वेळी वडील, काका किंवा दादा तेल बदलायला निघाले की ते कार्ड त्यांच्या हाती द्या. दुकानात "कोणते तेल देऊ?" असे विचारले, की त्यांना अंदाजाने बोलावे लागणार नाही.