बेलापूरच्या आधी पुणे

सीबीडी बेलापूर स्टेशनातून बाहेर पडलं की कचेऱ्यांचा मुलूख लागतो. एकीकडे कोकण भवन, एकीकडे सिडको भवन, मध्ये रिझर्व्ह बँकेची कचेरी. सीबीडी म्हणजे 'सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट', नव्या शहराचा मुख्य व्यापारी भाग. पण हे आता मुद्दाम आठवावं लागतं, इतकी ती तीन अक्षरं गावाच्या नावाला चिकटून गेली आहेत.

नव्या मुंबईच्या जन्मकथेत चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता ही नावं हमखास येतात. १९६५ साली 'मार्ग' नियतकालिकातून त्यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, तेव्हा तो मान त्यांचाच. मात्र त्याच वर्षी राज्य सरकारने मुंबई, पनवेल आणि पुणे या पट्ट्याच्या नियोजनाची तत्त्वं ठरवायला एक समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद दिलं पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या संचालकांना. हे संचालक, धनंजयराव गाडगीळ, ना वास्तुकार होते ना अभियंते.

मग त्यांनाच का बोलावलं? याचं उत्तर संस्थेच्या जुन्या कामात सापडतं. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाने १९३० साली ही संस्था काढली. गाडगीळ पहिले संचालक, आणि पुढची छत्तीस वर्षं तेच. सिद्धान्ताच्या आधी मोजणी, ही त्यांची रीत. १९३३ साली पुण्यातल्या फळबाजाराची पाहणी छापून आली, १९३५ साली मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतल्या मोटार वाहतुकीची. फळांच्या आडतीचा आणि सर्व्हिस मोटारींचा अभ्यास म्हणजे अर्थशास्त्र, हे तेव्हा कित्येक विद्वानांना हलकं वाटलं असेल. पुढे वाई तालुक्यातली शेती झाली, पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी झाली. हाच माणूस १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या सोबतीने सहकारी साखर कारखान्याचा अध्यक्षही होता. कागद आणि ऊस दोन्ही हाताळलेला अर्थतज्ज्ञ सरकारला रोज मिळत नाही.

गाडगीळ समितीचा अहवाल १९६६ साली आला. मुंबईत नव्या कारखान्यांना लगाम घाला, वाढ एकाच केंद्रात कोंबू नका, खाडीपलीकडच्या मुख्य भूमीवर अनेक केंद्रांची वस्ती वाढू द्या आणि हे सगळं बघायला प्रादेशिक मंडळं नेमा, असा त्याचा रोख. त्याच वर्षी प्रादेशिक नियोजन व नगररचनेचा कायदा झाला, १९६७ साली मुंबई महानगर प्रदेशाचं नियोजन मंडळ आलं, त्या मंडळाने खाडीपलीकडे जुळं शहर सुचवलं आणि ते उभारण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. सामाजिक शास्त्रांच्या एखाद्या संस्थेच्या संचालकाचं म्हणणं इतक्या झपाट्याने जमिनीवर उतरल्याची उदाहरणं फार नाहीत. संस्थेत गाडगिळांच्या जागी आलेल्या वि. म. दांडेकरांनी नीळकंठ रथांसोबत १९७१ साली देशाचं दारिद्र्य उष्मांकांत मोजलं, तेही असंच धोरणाच्या थेट मुळाशी जाणारं काम.

पण सल्ला घेणं वेगळं आणि पाळणं वेगळं. मुंबईची गर्दी हलवायची असं एका हाताने लिहिलं जात होतं, त्याच काळात दुसऱ्या हाताने नरिमन पॉइंटला समुद्र हटवून केलेल्या भरावावर उंच कचेऱ्या उभ्या राहत होत्या. कचेऱ्या तिथे गेल्या, तर बेलापूरकडे कोण येणार? पहिली काही वर्षं नवी मुंबईत घरं होती, पण पोट भरायला पुलावरून मुंबईलाच जावं लागे. बेलापूरला लोकल पोचायला १९९३ साल उजाडलं.

दुसरी गोष्ट अधिक बोचते. दारोदार फिरून माणसं मोजण्याचा वारसा सांगणाऱ्या विचारातून निघालेलं हे शहर ९५ गावांच्या जमिनीवर उभं राहिलं, आणि त्या आगरी-कोळी माणसांचं काय होणार याचा हिशेब सर्वांत शेवटी झाला. तोही रस्त्यावर. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलीस गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या रक्ताच्या पाठोपाठ आली. ती कुठल्याही अहवालाची देणगी नव्हे. सिडको भवनात साडेबारा टक्क्यांची फाइल घेऊन येणारे आजही भेटतील.

गाडगीळ पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत कशी वाटायची याचं त्यांचं सूत्र 'गाडगीळ फॉर्म्युला' म्हणून देशभर माहीत आहे. मे १९७१ मध्ये, दिल्लीची जबाबदारी संपवून पुण्याला परतताना रेल्वेच्या प्रवासातच ते गेले. सिडकोला तेव्हा जेमतेम एक वर्ष झालं होतं. कोकण विभागाच्या कचेऱ्या यथावकाश बेलापूरला आल्या. मंत्रालय अजून नरिमन पॉइंटलाच आहे.